सोसायटीची कचरा-स्पर्धा: महिना संपल्यावरही टिकेल अशी

पर्यावरण दिन जवळ आला की अनेक सोसायट्यांमध्ये एखादी ‘हरित स्पर्धा’ जाहीर होते. प्लास्टिक टाळू, कचरा वेगळा करू, पाणी वाचवू, लिफ्टऐवजी जिना वापरू, झाडं लावू अशी दहा-बारा कलमांची यादी व्हॉट्सअ‍ॅप गटावर येते. पहिले चार दिवस फोटोंचा पाऊस पडतो, दहाव्या दिवशी दोन-तीन घरं उरतात आणि महिनाअखेरीस बक्षीस कुणाला द्यायचं यावर समिती डोकं खाजवते. यात लोकांच्या आळसाचा भाग फार थोडा असतो. दहा सवयी एकदम बदलायला सांगितल्या, पण त्यातल्या एकीसाठीही सोय करून दिली नाही, हे खरं कारण. शिवाय कचऱ्याची स्पर्धा जूनमध्ये सुरू करणं म्हणजे सगळ्यांत अवघड मुहूर्त काढणं. ते का, ते पुढे येईलच.

या लेखात चाळीस घरांची एक सोसायटी डोळ्यांसमोर ठेवली आहे. घरं कमी-जास्त असतील तर आकडे त्या प्रमाणात बदलून घ्यावेत.

स्पर्धेसाठी एकच सवय निवडायची: ओला कचरा वेगळ्या बादलीत, प्लास्टिकच्या पिशवीशिवाय. इतक्या साध्या गोष्टीपासून सुरुवात करायचं कारण असं, की ही क्रिया रोज घडते, दारात उभं राहून पाच सेकंदांत तपासता येते आणि तिचा परिणाम दीड-दोन महिन्यांत हातात घेता येतो. वीज किंवा पाण्याचं तसं नसतं. तिथे बिल उशिरा येतं, आणि पाण्याचा मीटर बहुतेक जुन्या इमारतींत सगळ्यांचा मिळून एकच असतो. ओला कचरा बाजूला झाला की सुका आपोआप कोरडा राहतो आणि विकण्याजोगा होतो. २०१६ च्या केंद्रीय घनकचरा नियमांनी वर्गीकरणाची जबाबदारी कचरा करणाऱ्यावरच टाकली. पण नियमाची भीती दाखवून फार तर सर्वसाधारण सभेत ठराव मंजूर होतो. बादली स्वयंपाकघरातच भरते.

किती दिवसांची?

एकवीस दिवसांत सवय लागते असं सर्रास ऐकू येतं, पण त्याला आधार नाही. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजातल्या संशोधकांनी ९६ जणांवर केलेला अभ्यास २०१० साली छापून आला. नवी कृती विचार न करता हातून व्हायला लागायला मधला आकडा ६६ दिवसांचा निघाला. माणसामाणसांतला फरक मात्र प्रचंड होता, १८ दिवसांपासून २५४ दिवसांपर्यंत. त्याच अभ्यासातली दुसरी गोष्ट आपल्या जास्त कामाची आहे: एखादा दिवस चुकला तरी सवय जडण्यात विशेष फरक पडला नाही. म्हणून ‘एक दिवस चुकलात की बाद’ हा नियम स्पर्धेतून काढून टाकावा. पाहुणे आले, घरात कुणी आजारी पडलं, एक दिवस सगळा कचरा एकत्र गेला आणि ते घर बाद झालं, तर उरलेल्या महिन्यात त्यांनी कशासाठी मेहनत घ्यायची?

वेळापत्रक साधारण दहा-अकरा आठवड्यांचं ठेवावं. पहिला आठवडा फक्त मोजणीचा. मग चार आठवडे स्पर्धा, आणि त्यानंतर पाच-सहा आठवडे बक्षीस नाही, फक्त अधूनमधून तपासणी. बहुतेक सोसायट्या शेवटचा टप्पा गाळतात आणि तिथेच सगळं ढेपाळतं.

महाराष्ट्राला असल्या स्पर्धा नव्या नाहीत. २०००-०१ मध्ये सुरू झालेलं संत गाडगेबाबा ग्रामस्वच्छता अभियान गावागावांत चुरस लावूनच पसरलं. पानी फाउंडेशनच्या वॉटर कप या गावांच्या जलसंधारण स्पर्धेत ४५ दिवसांची मुदत, ठरलेले गुण, आणि स्पर्धेआधी गावकऱ्यांना प्रशिक्षण असा क्रम होता. यातलं शेवटचं आपण विसरतो. आधी हात शिकवायचे, मग शिट्टी वाजवायची.

आधी पालापाचोळा, मग पत्रक

चार माणसांच्या घरात रोज साधारण पाऊण किलो ओला कचरा निघतो. काही घरं बंद, काही माणसं बाहेरगावी, हे धरून चाळीस घरांचे रोजचे २५ ते ३० किलो होतात. आपण २८ धरू. हा आकडा माझ्यावर विश्वास ठेवून घेऊ नका, स्वतः मोजा. पन्नास किलोपर्यंतचा लटकवायचा डिजिटल काटा हार्डवेअरच्या दुकानात काहीशे रुपयांत मिळतो. स्पर्धेची कुठलीही घोषणा न करता सात दिवस सकाळचा कचरा वजन करून वहीत लिहा: एकूण किती, त्यात स्वच्छ ओला किती, किती घरांनी वेगळा दिला. घोषणा आधी झाली तर लोक त्या आठवड्यात शहाण्यासारखे वागतात आणि तुलनेचा पायाच बिघडतो.

आता कुजवण्याचं गणित. स्वयंपाकघरातल्या कचऱ्यात तीन चतुर्थांशाहून जास्त पाणी असतं आणि नायट्रोजन भरपूर. नुसता तो साठवला तर दोन दिवसांत चिखल होतो, हवा आत जात नाही आणि घाण वास सुटतो. जिवाणूंना नायट्रोजनच्या पंचवीस-तीसपट कर्ब, म्हणजे कार्बन, लागतो आणि ढिगात ओलावा ५५ ते ६० टक्क्यांच्या आसपास लागतो. या दोन्ही गोष्टी कोरडा पाला साधून देतो. वजनाने तीन ते चार किलो ओल्या कचऱ्याला एक किलो कोरडा, चुरलेला पाला हे प्रमाण धरावं. म्हणजे २८ किलोंना रोज सात ते नऊ किलो पाला. पायाने दाबून भरलेल्या मोठ्या गोणीत साधारण तेवढाच मावतो.

रोज एक गोणी. महिन्याला तीस.

सोसायटीचं खत कुठे फसतं, तर इथे. टाक्या बांधल्या जातात, उद्घाटन होतं, पाल्याचा विचार कुणीच केलेला नसतो. आपल्याकडे पानगळ होते ती साधारण जानेवारीअखेरपासून मार्चपर्यंत. त्या दिवसांत झाडलोट करून जाळला किंवा गाडीत भरून दिला जाणारा पाला गोण्यांत भरून छपराखाली ठेवायचा आणि फेब्रुवारीच्या दुसऱ्या पंधरवड्यात स्पर्धा सुरू करायची. जूनमध्ये सुरुवात केलीत तर पाला ओला, कचरा ओला, हवा दमट, आणि लोकांना अजून सवय नाही. गुलमोहर, पर्जन्यवृक्ष यांची बारीक पानं उत्तम. आंबा-फणसाची जाड पानं कुजायला वेळ घेतात. ती वाळवून चुरून घ्यावीत. पाला कमी पडला तर रसवंतीवरचं उसाचं चिपाड वाळवून आणि तुकडे करून चालतं, नारळाचा भुसा चालतो, वखारीतला लाकडाचा भुसाही चालतो. प्लायवूड आणि एमडीएफचा भुसा मात्र घेऊ नका, त्यात चिकटवायची रसायनं असतात.

टाकी तीन फूट लांब, तीन रुंद, तीन उंच असावी. याहून बरीच लहान असेल तर ढीग आतून नीट तापत नाही. विटांत मधे मधे फटी ठेवून बांधलेली किंवा लोखंडी चौकटीला जाळी लावलेली, दोन्ही चालतात. तळाशी चार इंच फांद्या किंवा नारळाच्या शेंड्या, म्हणजे खालून हवा जाते आणि पाणी निथळतं. रोज २८ किलो कचरा पाल्यासह टाकला तर अशी एक टाकी सुमारे दोन आठवड्यांत भरते, कारण ढीग खचत राहतो. चार टाक्या असल्या की चौथी भरेपर्यंत पहिलीला सहा आठवडे मिळतात आणि ती रिकामी करता येते. चार टाक्यांची ओळ आणि पुढे वावरायला चार फूट, एवढं सगळं एका गाडीच्या पार्किंगच्या जागेत बसतं. पार्किंगची एक जागा सोडायची म्हटल्यावर सभेत जे होईल ते होईल. पण तिकडे तळघराचा कोपरा शोधू नका. हवा आणि निचरा नसलेल्या जागेत कुठलीच टाकी चालत नाही.

विरजण म्हणून पहिल्या थराला घमेलंभर जुनं खत किंवा शेणकाला पुरतो. पुढे प्रत्येक नव्या टाकीत आधीच्या टाकीतलं घमेलंभर टाकायचं. दर महिन्याला महागडी पावडर विकत घ्यायची गरज नसते. बादली रिकामी करायची, त्यावर पाला, काठीने किंवा पंजाने वरचा थर कालवायचा, आणि शेवटी वरून पुन्हा दोन इंच कोरडा पाला. उघडा ओला कचरा कधीच दिसता कामा नये. माशी तिथेच अंडी घालते. आठवड्यातून एकदा ढीग खालवर करायचा. तीन-चार दिवसांत आत ५० ते ६० अंश तापमान चढतं; लोखंडी सळई दहा मिनिटं खोचून काढली की हाताला चटका बसेल इतकी गरम लागते. हे काम सफाई कामगारावर येणार असेल तर त्याला रोजचा पाऊण-एक तास जास्त लागतो, आणि त्या तासाचे पैसे आधी ठरवून द्यावेत. हातमोजे, गमबूट, पंजा आणि चाळणीही. फुकटात जास्तीचं काम लादून उभी केलेली स्पर्धा हा दुसऱ्याच्या श्रमावरचा आपला सण झाला.

बादली कुणाच्या हातात असते?

बैठकीला येतात साहेब आणि बाई, आणि भाजी चिरून देठं टाकते मदतनीस मावशी. एक मावशी चार-पाच घरं करते. तिला पटलं तर चार-पाच घरं सुधारतात. तिच्यासाठी वेगळी पंधरा मिनिटांची बैठक घ्या, कामाच्या वेळात घ्या, खऱ्या बादल्या समोर ठेवून घ्या. चित्रांच्या पत्रकापेक्षा प्रत्यक्ष चहाचा चोथा, दुधाची पिशवी आणि कांद्याची सालं हातात दिली की शंका निघतात.

शंका नेहमीच्याच असतात. शिजवलेलं अन्न चालतं, पण आमटी-ताक गाळून, पातळ भाग टाकून. तळणीचं तेल चालत नाही. मटण-माशांची हाडं सुरुवातीचे दोन महिने टाळावीत, उंदीर येतात. करवंट्या, आंब्याच्या कोयी, मक्याची बुरकुंडं कुजतात, पण टाकीत ती सहा आठवड्यांनी तशीच सापडतात; त्यांची वेगळी गोणी ठेवावी. निर्माल्यातला दोरा, जरीचे धागे आणि प्लास्टिकची फुलं काढून मगच हार द्यावा. दुधाची पिशवी कापताना कोपरा पूर्ण तोडू नये, लोंबता ठेवावा. तो चिमुकला तुकडा ओल्या कचऱ्यात पडला की चाळणीपर्यंत कुणाला दिसत नाही. सॅनिटरी पॅड आणि डायपर कागदात गुंडाळून वर लाल ठिपका काढून वेगळे द्यावेत. ही पद्धत पुण्यातल्या ‘स्वच्छ’ या कचरावेचकांच्या सहकारी संस्थेने रुळवली. उघडणाऱ्याला आत काय आहे ते हात न घालता कळतं.

सगळ्यांत चिवट सवय पिशवीची. बादली धुवावी लागू नये म्हणून लोक आत काळी पिशवी लावतात आणि गाठ मारून देतात. त्यावर उपाय म्हणजे बादली पाच-सहा लिटरची, झाकणाची, आणि तळाला रद्दी कागदाची दुहेरी घडी. कागद कचऱ्यासकट टाकीत जातो, बादली एका तांब्या पाण्याने निघते. चाळीस बादल्या सोसायटीने एकदम, एकाच रंगाच्या आणून दिल्या तर पहिल्या आठवड्यातली निम्मी कारणं संपतात.

फळ्यावर काय लिहायचं

‘सगळ्यांत कमी कचरा देणाऱ्या घराला बक्षीस’ असं जाहीर केलंत तर काही पिशव्या रस्त्याच्या कोपऱ्यावर जाऊन पडतील. ‘सगळ्यांत जास्त ओला कचरा’ म्हटलं तर तो वाढवायला लोक मोकळे. आकडा असा निवडावा, की तो वाढवण्यासाठी करायची लबाडी हीच आपल्याला हवी असलेली कृती ठरावी. म्हणून वजनाला गुण देऊ नयेत. सकाळी बादली घेताना झाकण उघडून बघायचं: स्वच्छ असेल तर हिरवी खूण, एखाद-दुसरी चुकीची वस्तू असेल तर पिवळी, पिशवीबंद किंवा मिसळलेला असेल तर लाल. आज शेकडा किती घरं हिरवी, एवढाच स्पर्धेचा आकडा. एकूण वजनही लिहावं, पण माहिती म्हणून.

घरवार नावं फळ्यावर लावू नयेत. तिसऱ्या मजल्यावरच्या काकूंच्या नावासमोर लाल खूण दिसली की काकू कचरा सुधारण्याऐवजी सचिवांशी बोलणं सोडतात. मजल्यानुसार किंवा जिन्यानुसार आठ-दहा घरांचा गट करा आणि गटाचा आकडा लावा. लाल खुणेच्या घराला शेजारच्याच कुणीतरी दारात जाऊन काय चुकलं ते सांगावं. व्हॉट्सअ‍ॅपवर नव्हे.

सरासरी जाहीर करताना एक काळजी घ्यावी. २००७ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात कॅलिफोर्नियातल्या सॅन मार्कोस इथल्या सुमारे ३०० घरांना त्यांच्या परिसराचा सरासरी वीजवापर कळवला गेला. जास्त वापरणाऱ्यांनी वापर कमी केला, ते अपेक्षितच होतं. पण आधीपासून कमी वापरणारी घरं सरासरीच्या दिशेने वर सरकली. ज्यांच्या कागदावर आकड्याशेजारी हसरा चेहरा काढला होता, त्यांच्यात मात्र ही वाढ झाली नाही. चांगलं चाललेल्या गटाला नुसता आकडा देऊ नका, त्याशेजारी शाबासकीही हवी. खडूने काढलेलं फूल पुरतं.

बक्षिसाला रोख रक्कम नको. पहिली टाकी निघाली की प्रत्येक घराला दोन किलो चाळलेलं खत द्यावं, हिरव्या-लालचा हिशोब न करता. चाळीस घरांच्या महिन्याभराच्या कचऱ्यातून दोन-अडीचशे किलो खत निघायला हरकत नाही, त्यामुळे कुणाला कमी पडत नाही. ज्या घराने महिनाभर कुरकुर केली तेही ते खत तुळशीला घालतं.

बिघडलं की आधी नाक वापरा

पहिली तक्रार दुसऱ्या आठवड्यात येते आणि ती वासाची असते. वास दोन प्रकारचे. नाकाला झोंबणारा, अमोनियाचा वास म्हणजे नायट्रोजन जास्त, पाला कमी, पाला वाढवा. सडक्या अंड्यासारखा वास म्हणजे आत पाणी साचलं आणि हवा संपली; अशा वेळी वरून पाला टाकून भागत नाही, ढीग पूर्ण उलथावा लागतो आणि तळाचा निचरा मोकळा करावा लागतो. दोन्हीला वरून फिनेल ओतणारे सापडतात. फिनेलने कुजवणारे जिवाणूच मरतात.

पांढुरक्या-करड्या जाड अळ्या दिसल्या की सोसायटीत हाहाकार होतो. त्या बहुतेकदा ब्लॅक सोल्जर फ्लाय नावाच्या माशीच्या असतात, चावत नाहीत, रोगही पसरवत नाहीत, उलट कचरा झपाट्याने खातात. फार झाल्या तर ढीग जास्त ओला आहे असं समजून पाला वाढवावा. चिलटं आली तर वरचं पाल्याचं पांघरूण पातळ पडलं आहे. उंदीर-घुशी आल्या तर जाळी तपासा. भोक सहा मिलिमीटरहून मोठं नको आणि तळातूनही जाळी हवी.

ढीग तापतच नसेल तर मूठभर माल दाबून पाहा. बोटांतून एखाद-दुसरा थेंब आला तर ओलावा बरोबर. धार लागली तर पाला, भुगा झाला तर पाणी. एप्रिल-मेमध्ये विदर्भ-मराठवाड्यात ढीग वरून कोरडाठाक पडतो. तिथे दोन दिवसांआड बादलीभर वापरलेलं पाणी शिंपडावं लागतं, कोकणात याची गरज क्वचित पडते.

खत तयार झालं हे रंगावरून नव्हे, वासावरून ओळखावं: पहिल्या पावसाच्या मातीसारखा. शंका असेल तर ओलं खत डब्यात बंद करून तीन दिवस ठेवा. उघडल्यावर आंबूस वास आला तर अजून दोन आठवडे जाऊ द्या. कच्चं खत कुंडीतल्या मुळांना इजा करतं. कुंडीत मातीच्या दोन भागांना खताचा एक भाग भरपूर झाला.

महिना संपल्यावर

स्पर्धा संपली की तपासणी एकदम थांबवू नका. पहिले दोन आठवडे एक दिवसाआड, मग आठवड्यातून एकदा, पण कुठल्या वारी ते न सांगता. फळ्यावर एकच आकडा ठेवा, गटांची चुरस संपवा. हिरव्या घरांचं प्रमाण ऐंशीवरून पंच्याहत्तरवर आलं तर काळजी नको. पन्नासच्या खाली गेलं तर नवीन भाडेकरू किती आले ते आधी बघा. ११ महिन्यांच्या भाडेकराराच्या गावात दरवर्षी काही घरं कोरी पाटी घेऊन येतात. बादली आणि मावशीसमोरची ती पंधरा मिनिटं सामान उतरवण्याच्या आठवड्यातच द्यावीत.

सुका कचरा साठवून सोसायटीने स्वतः भंगारवाल्याला विकावा, अशी सूचना याच सुमारास हमखास येते. ती मान्य करू नये. कोरडा, निवडलेला कागद आणि प्लास्टिक हा रोज दारात येणाऱ्या कचरावेचकाच्या कमाईचा मोठा भाग असतो. तो काढून घेतला तर त्याला ओला आणि सॅनिटरी कचराच उरतो, आणि मग तो का यावा?

पावसाळ्याआधी तीन कामं. टाक्यांवर दोन फूट बाहेर येणारं पत्र्याचं छप्पर, जून ते सप्टेंबरसाठी किमान शंभर-सव्वाशे गोण्या पाला जमिनीपासून वर, फळ्यांवर रचलेला, आणि ढिगातून निथळणाऱ्या पाण्यासाठी एक पन्हळ. हे पाणी कोरड्या पाल्यावरच परत ओतायचं. गोण्या कमी पडताहेत असं मे महिन्यात दिसलं तर वखारीच्या भुशाची सोय तेव्हाच लावावी, जुलैत भुसाही ओला मिळतो.

दुसरी स्पर्धा हवीच असेल तर ती दिवाळीनंतर, आणि तीही एकाच गोष्टीची. गळक्या फ्लशपासून सुरुवात सोपी आहे: रात्री टाकीत खायच्या रंगाचे चार-पाच थेंब टाका, अर्धा तास कुणालाही फ्लश करू देऊ नका. भांड्यात रंग उतरला तर आतलं रबर बदलायचं आहे.